कपाटाच्या मापाची पुस्तकं

बोटाला थुंकी लावून पान उलटणारा माणूस आप्पांच्या घरी दुसऱ्यांदा आल्याचं मला आठवत नाही. पहिल्याच वेळी त्याची अशी काही हजेरी घेतली जायची, की तो अर्धा चहा टाकून उठायचा. लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, त्याच आठवड्यात शेजारून आप्पांचा आवाज ऐकला तो असा, "थुंकी? माझ्या पुस्तकाला थुंकी? घरच्या देवाला लावतोस का रं?" पाठोपाठ घाईघाईनं चपला सरकवल्याचा आणि मग फाटक आपटल्याचा आवाज आला. मी घाबरून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "काही नाही. आप्पांकडे कुणीतरी नवीन वाचायला आलं असेल."

आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन शांत असावं असं लोक सांगतात. तुम्ही ठेवा शांत. मला आजही शिरूरचं नाव निघालं की डोक्यात तिडीक जाते, आणि ती जावी अशी माझी अजिबात इच्छा नाही.

आप्पा मालगाडीवर गार्ड होते. मूळ गाव वडगाव रासाई, धनगराचं घर. वडिलांपर्यंत मेंढरं होती, चारणीला थेट कोकणात उतरायचे ते लोक. नंतर नदीकाठी जमीन झाली, घर स्थिरावलं आणि आप्पा शिकून रेल्वेत लागले. सैन्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. आमच्या भागात सैन्यातून परतलेल्या प्रत्येकाला, मग तो शिपाई असो नाहीतर सुभेदार, सगळे 'मेजर'च म्हणतात. आप्पांच्या खोलीतल्या तोफा-रणगाड्यांच्या पुस्तकांकडे बघून एखादा नवखा "काय मेजर, कुठल्या पलटणीत होता?" असं विचारायचा, आणि आप्पा लालबुंद व्हायचे. "गार्ड हाय मी. हिरवा बावटा, लाल बावटा. ज्यानं गोळी झेलली त्याला मेजर म्हण. फुकटचं बिरूद मला नको."

दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये बाहेरची खोली पुस्तकांची होती. चारी भिंतींना फळ्या, दारावरसुद्धा एक फळी. लढाऊ जहाजांची, विमानांची, गणवेशांची, बिल्ल्यांची जाडजूड संदर्भपुस्तकं, पलटणींचे इतिहास, इंग्रजी-मराठी युद्धकादंबऱ्या, आणि खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकांत नकाशे. जुने, मागून कापड लावलेले, हात फिरवला तर लुगड्यासारखे लागणारे. हे सगळं सोलापूर, मनमाड आणि पुण्याच्या रद्दीवाल्यांकडून गार्डाच्या लोखंडी पेटीतून आलेलं. पुण्यात एखादे म्हातारे लष्करी अधिकारी वारले, की परदेशातली मुलं येऊन घर रिकामं करायची. रद्दीवाले आप्पांसाठी तो माल बाजूला काढून ठेवायचे. आक्का, म्हणजे आप्पांची बायको, म्हणायच्या, "मला पिठाचा डबा ठिवायला जागा न्हाई आन् ह्यांच्या तोफा बघा कशा ऐसपैस बसल्यात." असं म्हणायच्या आणि फळ्याफळ्यांतून कडुलिंबाचा पाला मात्र स्वतःच्या हातानं बदलायच्या. कसर लागलेली त्यांनाही खपत नव्हती.

मी बी.ए. झालेली, इतिहास घेऊन. दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती. एक दिवस हात स्वच्छ धुऊन, पदराला पुसून आप्पांच्या दारात उभी राहिले. त्यांनी आधी माझे हात पाहिले आणि मग चेहरा. "तेल लावलंय का डोक्याला?" म्हणाले. नाही म्हटलं. "मग ये, सूनबाई."

पहिला धडा मिळाला तो घडीच्या नकाशाचा. लढाईच्या चांगल्या पुस्तकांत शेवटी नकाशा असतो, पानाहून मोठा, दुमडून दुमडून बसवलेला. "आधी उजवी घडी, मंग खालची. मिटताना उलटं. वढायचं न्हाई, त्याला आपनहून उघडू द्यायचं." मी सांगितलं तसं केलं. नकाशा उघडला, सगळा डोंगर मांडीवर पसरला, आणि आप्पा एकदम हळू आवाजात बोलायला लागले. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

नकाशावरच्या उंचीच्या रेघा ते बोटानं नव्हे, काडेपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकानं दाखवायचे. लहानपणी मेंढरांमागं घाट उतरलेला माणूस. रेघा दाटीनं आल्या की त्यांना आपोआप धाप लागायची. "हितं मेंढरू चढायचं न्हाई," म्हणायचे. "जिथं मेंढरू जात न्हाई तिथं माणूस कशाला जातोय? आन् ज्याला जावंच लागतंय, त्यो शिपाई." हे वाक्य मी माझ्या मुलांना सांगितलंय, आणि आता तुम्हाला सांगते.

कादंबरी वाचतानाही शेजारी नकाशा उघडा असायचा. लेखकानं गडबड केली, की आप्पांची पेन्सिल समासात चालायची. इंग्रजी पुस्तकाच्या समासात मराठी शेरे. 'इथं पूल नाही. लेखकाने बांधला.' 'सकाळी मांडीत गोळी, दुपारी घोड्यावर. मलम कुठले?' 'सेनापती जेवला. शिपायांचे काय?' मी हसून हसून बेजार व्हायचे. पण एका जाड इतिहासाच्या शेवटी, मेलेल्या शिपायांच्या नावांजवळ, त्यांनी एवढंच लिहिलं होतं, 'ही पानं वाचून जेवण गेलं नाही.' त्या पुस्तकातली लढाई मी विसरले. तो शेरा विसरले नाही. इंग्रजी ते डिक्शनरी शेजारी घेऊन, एकेक ओळ फोडून वाचायचे आणि समास भरत जायचे. तीसेक वर्षं तो माणूस छापलेल्या पुस्तकांशी भांडत होता, आणि ते सगळं भांडण त्या कडेच्या कोऱ्या पट्टीत होतं.

कारगिलची लढाई चालू होती तेव्हा तरुण मंडळाची माणसं भाषणाला बोलवायला आली. आप्पा नकाशा घेऊन गेले. माइकवर त्यांनी काय सांगावं? पाठीवर ओझं घेऊन उभ्या कड्यावर चढणाऱ्या पोराला पाणी कुठून मिळत असेल, पाय घसरला तर त्याला खाली कोण आणील, रात्रीत थंडीनं बोटं कशी काळी पडतात. लोक कंटाळले. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आपण किती मारले ते सांगा की!" आप्पा थांबले. "तू मोजत बस," म्हणाले, "घरात पंखा लावून." नकाशाची घडी घातली, आधी खालची, मग उजवी, आणि खाली उतरून चालू लागले. दुसऱ्या दिवशी गावभर, आप्पांना देशाचं काही नाही. आक्कांनी नळावर त्या बोलणाऱ्या बायकांची जी काय चंपी केली, तिचे शब्द मी इथं लिहू शकत नाही.

ज्या माणसाला देशाचं काही नाही म्हणे, त्याच्या दारात कोण यायचं ते ऐका. आमच्या भागातल्या खूप पोरांनी सैन्याची वाट धरलेली. पत्रावर ठिकाण नसतं, नुसते आकडे. पोरगं सुट्टीवर आलं, की जाता जाता गावाचं किंवा ठाण्याचं नाव आईच्या कानावर घालून जायचं. ते नाव तोंडात धरून त्या बाया आप्पांकडे यायच्या. केडगावकडून, भीमेच्या काठच्या गावांतून, डोक्यावर पदर, हातात पिशवी. "आप्पा, आमचा गणपत कुठं हाय ते दावा." आप्पा आधी त्यांना हात धुवायला लावायचे. मग ट्रंक उघडायची, नकाशा पसरायचा, आणि त्या बाईचं बोट धरून त्या ठिकाणी टेकवायचे. स्वतः बोटानं कधी नकाशाला न शिवणारा माणूस आईच्या बोटाला मात्र मोकळीक द्यायचा. बाई बोट उचलायचीच नाही. एक नेहमीचा प्रश्न असायचा, "थंडी लई हाय का वं?" आणि नेहमीचं उत्तर, "हाय, पण चूल पेटती तितं." त्या घरात खोटं एवढंच बोललं जायचं.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडायचं ठरलं. मुलगा रांजणगावच्या एका कारखान्यात, त्यानं शिरूरला लहानसं घर बांधलेलं. मुलगा भला, पण त्या घरात पुस्तकं मावणं शक्य नव्हतं. पुण्याचा एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी येऊन फळ्या न्याहाळून गेला. त्याला निवडक हवी होती, परदेशी, नकाशेवाली. आप्पांनी त्याला चहा दिला आणि नकार दिला. "फुटली की ती फौज ऱ्हात न्हाई, नुसती मानसं ऱ्हात्यात," म्हणाले. सगळी एका खोलीत राहावीत, कुणालाही येऊन उघडता यावीत, भरतीच्या पोराला आपण कुठं निघालोय ते आधी कळावं आणि त्याच्या आईला नंतर, एवढंच त्यांचं मागणं होतं. याहून जास्त त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही.

शिरूरच्या एका वाचनालयाच्या अध्यक्षांना हे कळलं. ते स्वतः गाडी घेऊन दौंडला आले. वाचनालयाचं नाव मी सांगणार नाही, त्यांना फुकटची प्रसिद्धी कशाला. "आप्पासाहेब, स्वतंत्र दालन करू. आपल्या नावानं." नावाचं आप्पांना काही नव्हतं. ते म्हणाले, "घडीचे नकाशे कुनाला वढू देऊ नका. आन् आया आल्या तर ट्रंक उघडून द्यायची. बास." अध्यक्ष म्हणाले, शब्द दिला. शाल, श्रीफळ, फोटो. मी आणि आमचे हे, आम्ही दोघांनी पुस्तकं बांधायला मदत केली. आप्पा प्रत्येक पुस्तक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळत होते, आक्का वरून पाला ठेवत होत्या. टेम्पो चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला तेव्हा आप्पा मागं पुस्तकांजवळ बसले होते, गार्डासारखे, तोंड मागच्या रस्त्याकडे करून.

मग काम चालू आहे, काम चालू आहे असं सांगण्यात कित्येक महिने गेले. आप्पा चौकशीला गेले की खोलीला कुलूप. "आप्पासाहेब, एकदम बघा. सरप्राइज आहे." कसलं मेलं सरप्राइज!

उद्घाटनाला आम्ही दोघं दौंडहून एस.टी.नं गेलो. मंडप, फ्लेक्स, उशिरा येणारे पाहुणे, सगळं रीतसर. फीत कापली आणि आम्ही आत गेलो. भिंतभर काचेची कपाटं, आणि त्यांत मरून रंगाच्या रेक्झिनची, सोनेरी आकड्यांची, सगळीच्या सगळी एकाच उंचीची पुस्तकं. शाळेच्या कवायतीसारखी. मला आधी वाटलं, ही दुसरी कुठलीतरी पुस्तकं आहेत, आप्पांची आतल्या खोलीत असतील. आप्पांनी एक कपाट उघडलं, एक पुस्तक काढलं. पुठ्ठा उघडला. आतल्या बाजूला अस्तर म्हणून जो कागद चिकटवला होता, त्यावर उंचीच्या रेघा होत्या. नदीचा एक तुकडा होता. आप्पांच्या ट्रंकेतला कापडी नकाशा, पुठ्ठ्याच्या मापानं कापून लावलेला. त्यांनी शेवटचं पान उलटलं, तर घड्यांवरच कापल्या गेलेल्या नकाशाच्या सुट्या पट्ट्या त्यांच्या पायांवर पडल्या.

काय झालं होतं ते बाइंडरनंच सांगितलं. त्याचाही सत्कार ठेवलेला होता, बिचारा नवीन शर्ट घालून आला होता. "कपाटं आधी झाली व्हती ना आप्पा. फळ्यांची उंची ठरलेली. मोठी पुस्तकं बसंनात. साहेब म्हणले, तिन्ही बाजूंनी कापून सगळी एका मापात आणा. अस्तराला जाड कागद मागितला, तर म्हणले, ट्रंकेत जुना कागद पडलाय, वापर." म्हणजे आधी कपाटं केली आणि मग पुस्तकं कपाटाच्या मापाला कापली! हे वाक्य मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल आणि दर वेळी माझा आवाज चढतो. अरे, मेजरटेप पुस्तकाला लावायची की लाकडाला, एवढी साधी अक्कल अख्ख्या समितीत एकालाही असू नये?

सगळे परत मंडपात येऊन बसले, सूत्रसंचालक आप्पांना दोन शब्द बोलायला बोलवत होता. आप्पा पट्ट्या मुठीत धरून माइकपाशी गेले. "शर्ट बसंना म्हनून पोराचे हात तोडता का रं तुम्ही?" एवढं एकच वाक्य, पण असं की मंडपातली पोरं रडायला लागली. अध्यक्ष हसत हसत पुढे झाले. "आप्पासाहेब, गैरसमज होतोय. अक्षर एकही कापलेलं नाही. फक्त समास थोडा कमी झालाय." मी बायकांच्या रांगेत बसले होते. तिथून उठले आणि भर सभेत ओरडले, "अहो, हा माणूस त्या समासातच राहत होता!" आमचे हे माझा पदर ओढत होते. मी पदर सोडवून घेतला. अध्यक्ष मला काय म्हणाले ठाऊक आहे? "ताई, आपण बसून घ्या, पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम आहे."

आप्पांनी पुस्तकं परत मागितली. मिळाली नाहीत. दाखल झाली, शिक्के बसले, आता ती वाचनालयाची. भरतीची पोरं आली तर त्यांना सांगायचे, मौल्यवान ग्रंथ आहेत, हाताळायला मिळणार नाहीत. पाहुणे आले की दालन उघडायचं, दिवे लावायचे, काचेतून दाखवायचं आणि परत कुलूप.

देणगीदार म्हणून आप्पांना तेवढी आत बसायची मुभा होती. मग आप्पांनी काय करावं? ते रोज वाचनालय उघडलं की जाऊन बसू लागले. आक्का मैद्याची खळ करून वाटीत द्यायच्या, सोबत पातळ कागद. आप्पा पट्ट्या जुळवून नकाशे सांधायचे. पण ट्रंकेतल्या नकाशांचे तुकडे पुठ्ठ्यांच्या आत होते. एका पुस्तकात नदीचा उगम, तर नदी चौथ्याच पुस्तकात. ओल्या फडक्यानं हळूहळू अस्तर सोडवायचं आणि शेजारचा तुकडा शोधत पुढचं पुस्तक उघडायचं. सांधलेलं घरी आणून ठेवायचे आणि मी शिरूरला भेटायला गेले की दाखवायचे. एक मोठा डोंगराळ मुलूख त्यांनी जवळजवळ पुरा जुळवला होता. "समदं जमलं सूनबाई, मधली खिंड तेवढी घावंना. कुठल्यातरी पुस्तकात अडाकलीय. घावंल." आवाज तोच होता, चढा, पण डोळ्यांत थोडी उमेद दिसायला लागली होती.

आणि मग वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली, 'पुस्तकांची मोडतोड करणाऱ्या वाचकांस प्रवेश नाही.' नाव लिहायचं धाडस नव्हतं. पुठ्ठ्यांची अस्तरं सोडवतो म्हणून आप्पा मोडतोड करणारे! ज्यांनी सगळी पुस्तकं कातरली ते समिती, आणि जो सांधत बसला तो गुन्हेगार! 

त्यानंतर थोड्याच दिवसांत भीमेच्या काठच्या एका गावातून एक बाई पत्ता विचारत शिरूरला आली. मी तेव्हा तिथंच होते, आक्कांच्या हाताखाली भाकरी करत. बाईनं दारातच पाय धुतले, न सांगता हातही धुतले. सासूनं शिकवून पाठवलं असणार, तिचा एक लेक पूर्वी पलटणीत होता तेव्हा ती आप्पांकडे येऊन गेलेली. तिनं आपल्या पोराच्या ठाण्याचं नाव सांगितलं. आप्पांनी सांधलेला नकाशा काढला, तिचं बोट धरलं आणि नेता नेता थांबले. ते ठाणं त्या खिंडीत होतं. बाईचं बोट कागदाच्या फाटक्या कडेवर येऊन थांबलं. तिला वाटलं, आप्पा काहीतरी लपवताहेत. "माझ्या पोराला काय झालंय का? सांगा की वं!" ती रडायलाच लागली.

आप्पा उठले. तिला घेऊन तसेच वाचनालयात गेले, मागून आम्ही दोघी. दारात शिपायानं अडवलं. आप्पांनी हात जोडले. आप्पांनी! आयुष्यात वरच्या साहेबापुढं मान न तुकवलेल्या माणसानं हात जोडून सांगितलं, "मला आत सोडू नगं. हिला सोड. कपाट उघड, मी हितनं सांगतो कुठली पुस्तकं बघायची." शिपाई आत जाऊन आला. अध्यक्ष मीटिंगमध्ये आहेत, म्हणाला, अर्ज द्या. ती बाई पुन्हा पुन्हा आमच्या तोंडाकडे बघत होती. आप्पा तिला म्हणाले, "तुझं पोरगं बरं हाय बाई. थंडी हाय, पण चूल पेटती तितं." बाईचा विश्वास बसला नाही. ती पदर तोंडाला लावून एस.टी.च्या दिशेनं निघून गेली.

त्या दिवसापासून आप्पा ओरडले नाहीत. नातवानं पुस्तकावर वाटी ठेवली तरी नाही. आक्का मला फोनवर म्हणाल्या, "ह्यांनी आता शिव्या द्याव्या बाई, लई भ्या वाटतंय मला." दिवाळी व्हायच्या आत आप्पा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणोत.

वाचनालयानं शोकसभा घेतली. घेणारच. आप्पांच्या फोटोला हार, अध्यक्षांचा दाटलेला गळा, "ग्रंथांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करणारा महामानव" वगैरे. मी दात-ओठ खात बसले होते. शेवटी कुणीतरी आक्कांना म्हणालं, वहिनी, तुमची काही इच्छा असेल तर सांगा. लोकांना वाटलं, मोठा फोटो लावा म्हणतील. आक्का उभ्या राहिल्या. "दारावरच्या पाटीवरलं ह्यांचं नाव काढा," म्हणाल्या. "ह्ये हितं ऱ्हात न्हाईत."  अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, भावना समजू शकतो. पण असं एकदम काढता येत नाही. त्याला समितीचा ठराव करावा लागतो." आक्का खाली बसल्या. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी मला उठवलं. हातात मुलाचा स्क्रू ड्रायव्हर, काखेत स्टूल. वाचनालय नुकतंच उघडलं होतं. आक्कांनी दालनाच्या दारापाशी स्टूल ठेवलं, नऊवारीचा काष्टा आवळला आणि वर चढल्या. मी स्टूल धरलं. शिपाई धावत आला, तोच, आम्हाला दारात अडवणारा. "अहो आक्का, काय करताय? ठराव झाला का?"

"झाला," आक्का म्हणाल्या.

"कुणी केला?"

"मी."

शिपाई तिथंच उभा राहिला. काय वाटलं त्याला देव जाणे, वरचा स्क्रू गंजून बसला होता तर त्यानंच हात लावून सैल करून दिला. आक्का पाटी घेऊन खाली उतरल्या आणि ती छातीशी धरून रस्त्यानं घरी आल्या. सकाळची कामावर निघालेली माणसं बघत होती. आक्कांनी कुणाकडे पाहिलं नाही.

मध्ये शिरूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा मुद्दाम त्या वाचनालयात डोकावले. दालनाला कुलूपच होतं. दारावर पाटी नव्हती, नुसती स्क्रूची चार भोकं होती. त्यांनी ती बुजवलेली नाहीत, त्यालाही ठराव लागत असेल. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.